तीन आठवडे आधी आलेली पेटी

मित्रांनो, माझे झाकण उघडताना कुरकुरते, तिकडे लक्ष देऊ नका. मी एक जुनी लाकडी पेटी आहे, वीतभर लांब, अर्धी वीत रुंद. एका सुताराने दाराच्या उरलेल्या फळीतून मला घडवले आणि आपल्या दोन मुलींपुढे ठेवून म्हटले, "दोघींत एकच आहे. भांडायचं नाही, फिरवायची."

आमच्याकडे एका जुन्या संताचा दिवस पाळतात. त्या दिवशी जो तो आपल्या जिवाच्या माणसाला भेट देतो. भेट आधी पोचली, तरी त्या सकाळची देवळातली घंटा होईपर्यंत उघडायची नाही, अशी रीत. मुली मोठ्या झाल्या, दोन गावांना राहू लागल्या. मग मी एका वर्षी इकडून तिकडे, दुसऱ्या वर्षी तिकडून इकडे टपालाने जाऊ लागले.

थोरली शिवणकाम करायची. तिची टीप कधी वाकडी गेली नाही, आणि मला तिने घंटेआधी कधी उघडले नाही. धाकटी इस्त्रीच्या दुकानात कामाला होती. ती मला पोस्टमनसमोरच उघडायची. एकदा तिने माझ्यातून एकच पायमोजा पाठवला. सोबत चिठ्ठी, 'दुसरा दोन वर्षांनी.' थोरली म्हणाली, "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय," आणि तो एक मोजा घालून दिवसभर मशीनवर बसली. तेव्हा मला केवढा तोरा होता!

मग धाकटी आजारी पडली. दवाखान्याच्या खाटेवर तिने लोकरीचा एक हातमोजा विणला आणि चिठ्ठीसह माझ्यात ठेवला. 'ताई, मी इथल्या दवाखान्यात आहे. डॉक्टर आता फार गोड बोलायला लागलेत, म्हणजे समज. दुसरा हातमोजा माझ्या उशाखाली आहे. घ्यायला ये. लगेच ये.'

"अगं, साधं पत्र टाक की," शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली.

"पत्रानं घाबरेल ती. पेटी तीन आठवडे आधी आली म्हटल्यावर कोण थांबेल? हातात पडल्या पडल्या उघडेल."

ती ताईला स्वतःच्या मापाने मोजत होती.

थोरलीने मला पुसले आणि कपाटावर ठेवले. तिची मुलगी म्हणाली, "आई, उघड ना. मावशीची पेटी कधी वेळेवर येत नाही, आणि यंदा इतकी आधी?"

"सुधारली असेल," थोरली हसली. "तू नको मावशीसारखी उतावळी होऊस."

मित्रांनो, मला तोंड नाही. आहे ते झाकण, आणि तेही दुसऱ्यानेच उघडावे लागते. एकवीस दिवस मी ती चिठ्ठी पोटात घेऊन बसले. खाली थोरली पुढच्या वर्षी धाकटीला द्यायचा रुमाल शिवत होती, गुणगुणत.

घंटा झाली. तिने मला उघडले, चिठ्ठी वाचली, आणि मला छातीशी धरून अनवाणीच निघाली.

दवाखान्यातल्या त्या खाटेवर नवी चादर होती. धाकटीला जाऊन आठ दिवस झाले होते.

"नातेवाइकांचा पत्ता विचारला, तर दिलाच नाही," शेजारची बाई म्हणाली. "म्हणायची, कशाला, ताई येतेच आहे. दाराकडे तोंड करून निजायची."

"तिच्या उशाखाली एक हातमोजा होता."

"अंथरुणाबरोबर गेला असेल हो."

मित्रांनो, रीत मोडा, असे मी या वयात सांगणार नाही. एवढेच सांगते. आपले माणूस नेहमीसारखे वागेनासे झाले, तर घंटेची वाट पाहू नका. आधी झाकण उघडा. मला ते सांगता आले नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

आता मी थोरलीच्या उशाशी असते. मला कोणी टपालात टाकत नाही. ती मला रोज सकाळी उघडते, आतला डाव्या हाताचा हातमोजा घालते, थोडा वेळ बसते आणि परत ठेवते.

थांबते आता. ती उठली आहे. कुरकुर ऐकू आली, तर समजून घ्या.