शटर उचलणारे आजोबा

बोरिवली पश्चिमेच्या त्या गल्लीत एरवी भाजीच्या गाडीभोवती जमतील तेवढीच माणसं. त्या संध्याकाळी मात्र बाळरावांच्या बंगलीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. कुंपणावर पोरं, गेटपाशी बाया, आणि शेजारचा ग्लेनरॉय तर बाईकच्या सीटवर उभा राहून मोबाइलवर शूटिंग करत होता. सगळ्यांचे डोळे गॅरेजच्या शटरवर.

"दाबा!" द्वारयोगी गरजले.

विशालने रिमोट दाबला. शटर घरघरत निम्मं खाली आलं, थबकलं आणि आपलं आपण परत वर गेलं.

"आले गं बाई, आले!" बायांनी हात जोडले. "पॉवर हाय रे बाबा!" ग्लेनरॉय ओरडला.

आले म्हणजे बाळराव. विशालचे वडील. वर्षापूर्वी गेले. हयातभर ते याच वेळेला, उन्हं कलता कलता, ऑफिसातून गाडी घेऊन घरी यायचे. जुनं लोखंडी शटर ओढता ओढता त्यांच्या पत्नीच्या, वसुधाताईंच्या पाठीची वाट लागली, म्हणून विशालने दिवाळीच्या सुमारास हे मोटरचं शटर बसवून घेतलं. दिवसभर ते झकास चालायचं. थंडी पडली आणि रोज संध्याकाळी ते असं अर्ध्यातून उलटं फिरायला लागलं. बसवणाऱ्याला एक फोन करायचा की नाही? नाही! घरात ठरलं, बाबा येतात.

विशालची बायको ऋता ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. हा साधा बिघाड आहे, हे तिने सांगून सांगून घसा कोरडा केला. पण सासूबाई गॅरेजच्या पायरीवर चहाचा कप ठेवून वाट बघत बसायच्या, आणि त्यांचा तो चेहरा पाहिला की ही विषय सोडून द्यायची. तेही तिने सोसलं असतं. पण तिची चार वर्षांची लेक दिशा शटर खाली यायला लागलं की "आजोबा आले!" म्हणत थेट त्याच्याखाली धावायची. तिला कुणी रागवायचं नाही. उलट कौतुक! "बघा, पोरीला दिसतात."

आणि आता दारांचे दोष काढणारा हा द्वारयोगी घरात आणला होता. अंगात भगवी कफनी, पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज, गळ्यात रुद्राक्षांचा भारा. शटरच्या दोन्ही बाजूंना घोट्याच्या उंचीवर बसवलेल्या काळ्या डब्यांकडे बोट रोखून तो सांगत होता, "दक्षिण म्हणजे यमाची दिशा, माउली! त्या दिशेला दार, त्यात विजेचं! पितर बिचारे घरी येतात आणि हा राक्षसी डोळा त्यांना अडवतो. त्यांच्या आत्म्याचं नेटवर्क जाम झालंय!"

"आता आत्म्याला पण टॉवर लागतो का रे?" ऋता विशालला म्हणाली.

"गप ना यार. आईसाठी तरी."

द्वारयोगीने एका डबीवर लाल कापड धरायला लावलं आणि स्वतः त्याच्याआड बसला. हळदकुंकू, घंटा, ह्रीं क्लीं आणि काय काय. थोड्या वेळाने कापड डबीवरच टाकून घामाघूम होऊन बाहेर आला. "बाळराव मार्गस्थ झाले. दाबा!"

शटर खाली आलं. थबकलं नाही. थेट जमिनीला टेकलं.

गल्लीत एकच जल्लोष! वसुधाताई पदर डोळ्यांना लावून त्याच्या पायांवर वाकल्या. "परत दाखवा, परत!" गर्दीतून ओरडा झाला. शटर वर गेलं, पुन्हा खाली यायला लागलं, आणि "आजोबा!" करत दिशा धावली.

ऋताने झडप घालून तिला दंडाला धरून मागे खेचलं. शटर थांबलं नाही. पोरगी होती तिथेच, खाडकन येऊन आदळलं.

लोक अजून टाळ्या वाजवत होते. ऋताच्या मात्र डोक्यात जाळ झाला. मागच्या महिन्यात भर दुपारी मांजर आडवं गेलं तेव्हा हेच शटर मुकाट्याने वर गेलं होतं. आज का नाही गेलं?

तिने दिशाला विशालच्या कडेवर दिलं आणि त्याच्या हातून रिमोट घेतला. शटर उघडलं. दृष्ट काढायला आणलेला कोहळा पूजेतून उचलला आणि उंबऱ्यावर ठेवला.

"ताई, पूजेचा आहे तो! अपशकुन..." द्वारयोगी पुढे सरसावला.

"तोंड बंद!" ऋता ओरडली आणि तिने बटण दाबलं.

शटर खाली आलं आणि कोहळ्यावर बसलं. कड् असा आवाज झाला. पांढरा गर भस्सकन पायरीवर आला.

पुढच्या बाया दोन पावलं मागे सरकल्या.

ऋताने लाल कापड ओढून फेकलं. डबीचं झाकण उघडंच होतं. हळदकुंकवाखाली दोन तारा एकमेकींना पिळून वर चिकटपट्टी मारलेली. "हा तुमचा मोक्ष! बघा सगळ्यांनी! एका डबीतून न दिसणारा किरण निघतो, दुसरी तो पकडते. मध्ये कुणी आलं, किरण तुटला, की शटर मागे फिरतं. लेकराचा जीव वाचावा म्हणून ठेवलेला डोळा आहे हा. याने तारा जोडून तो फोडला!"

"मग आधी मध्ये कुणी नसताना वर का जायचं गं?" ग्लेनरॉयने विचारलं. मोबाइल आता खाली आला होता.

मेन स्विच बंद करून तिने तारा सोडवल्या आणि होत्या तशा लावल्या. वीज चालू केली, बटण दाबलं. शटर अर्ध्यावर येऊन परत वर गेलं. मग ती मावळतीच्या बाजूला छत्री उघडून उभी राहिली. छत्रीची सावली डबीवर पडली. "आता दाब, विशाल."

शटर गुमान खाली गेलं. छत्री मिटल्यावर पुन्हा अर्ध्यातून वर.

"थंडीत सूर्य दक्षिणेकडे सरकून मावळतो. तिरपं ऊन थेट या किरण पकडणाऱ्या डबीत घुसतं. त्या उजेडात तिला तो बारीक किरण दिसेनासा होतो. तिला वाटतं, मध्ये कुणीतरी आहे. एवढंच. दोन डब्यांची अदलाबदल केली, पकडणारीची पाठ उन्हाकडे झाली, की झालं काम."

द्वारयोगी चपळाईने झोळी आवरत होता. झोळीतून स्क्रूड्रायव्हर निसटून खणकन पडला.

"कुठे शिकलात हे?" ऋताने वाट अडवली.

"आधी... शटरच्याच कामावर होतो मी," तो पुटपुटला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं! हा डोळा कशासाठी असतो ते चांगलं माहीत होतं, तरी बंद केलात? आणि आमच्याकडून पायांवर डोकी ठेवून घेतलीत?"

"ताई, शेवटी श्रद्धेचा प्रश्न..."

"थांबा." वसुधाताई पुढे आल्या. फुटलेल्या कोहळ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग सुनेला हळूच म्हणाल्या, "म्हणजे हे येत नव्हते?"

ऋताचा राग क्षणभर ओसरला. "नाही, आई. ऊन होतं ते."

म्हातारीने दिशाला विशालकडून घेऊन उराशी घट्ट धरलं, आणि मग तिचा आवाज असा चढला की ग्लेनरॉय दचकला. "मेल्या, माझा माणूस गेला म्हणून मी वेडी झाले होते. तू तर शहाणा होतास ना? यांचं नाव घेऊन माझ्या नातीच्या मानेवर शटर टांगून चालला होतास! विशाल, पोलिसांना फोन लाव. आणि तोवर याला हलू देऊ नकोस."

मघाशी हात जोडणाऱ्या बायांनीच गेट लावून घेतलं.

वाचकहो, घराला दार घेताना रंग खुशाल आवडीचा घ्या. पण बसवणाऱ्याला खडसावून विचारा, मध्ये माणूस आला तर हे थांबतं का? वीज गेली तर हाताने उघडतं का? थांबण्याची परीक्षा खोका ठेवून स्वतः घ्या, अधूनमधून घेत राहा. बिघडलं तर कारागीर बोलवा आणि कारण समजेपर्यंत त्याला सोडू नका. दक्षिणेकडे तोंड असलेल्या दाराने आजवर कुणाचं वाकडं केलेलं नाही. आणि गेलेल्या माणसासाठी रडायचं असेल तर मनसोक्त रडा, त्यात लाज कसली? फक्त त्याच्या नावाखाली जिवंत लेकराचा जीव कुठल्याही भोंदूच्या हाती देऊ नका.