पिशवीखालचं मानपत्र

प्रेमलाने पंखा बंद केला, खिडकीची कडी लावली आणि मास्क नाकावर ओढून घेतला. भर वैशाखात त्या बंद खोलीत माणूस उकडून निघत होता, पण वाऱ्याबरोबर जंतू येतात असं कोल्हापूरच्या दवाखान्यातल्या सिस्टरने बजावलं होतं. जानूगुरुजी खाटेवर बसले होते. त्यांच्या पोटातल्या नळीतून पाणी जमिनीवरच्या पिशवीत उतरत होतं. साखरेने मूत्रपिंडं खाल्ली तेव्हापासून दिवसातून चारदा हे पाणी पोटात भरायचं आणि काही तासांनी काढून टाकायचं.

"उतरलं सगळं," ती म्हणाली.

"आण हिकडं. बघू दे."

बघणं हे गुरुजींचं खातं. सिस्टरने शिकवलं होतं, भरलेली पिशवी छापील कागदावर ठेवायची. खालची अक्षरं वाचता आली तर पाणी स्वच्छ. नाही आली तर पोटात जंतू शिरले, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उशीर झाला तर जिवावर बेततं, आणि त्यातून वाचलं तरी नळी काढावी लागते. मग आठवड्यातून तीनदा रत्नागिरीला रक्त धुवायच्या मशीनवर. त्या मशीनची गुरुजींनी धास्तीच घेतली होती. वाडीतला काशीराम मशीनवर जायला लागला आणि वर्षाच्या आत गेला, हे ते येईल त्याला सांगत.

कागद म्हणून त्यांनी स्वतःचं मानपत्र निवडलं होतं. निवृत्तीच्या वेळी गावाने दिलेलं, लॅमिनेशन केलेलं. स्पिरिटने पुसता येतं, असं ते म्हणत. खरं कारण प्रेमला ओळखून होती. दिवसातून चारदा आपलीच स्तुती मोठ्याने वाचायला कोणाला आवडणार नाही? तिला गंमत वाटायची.

परवापासून मात्र गंमत संपली होती. परवा तिला पाणी पेजेसारखं दिसलं. खालची अक्षरं काही केल्या लागेनात.

"गढूळ वाटतंय ओ," ती म्हणाली होती.

गुरुजींनी मान वाकवून मानपत्र घडाघडा वाचलं. कुठे अडखळले नाहीत.

"मला दिसतंय आणि तुला नाय? मोतीबिंदू उतरलाय तुझ्या डोळ्यात. निलेशला सांग, मुंबईला नेऊन दाखव म्हणावं."

लग्नानंतर त्यांनीच तिला अक्षरं शिकवली होती. अक्षरांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. तिने पदराने डोळे पुसपुसून पाहिलं, मग खरंच मुलाला फोन करून आपल्या डोळ्यांचं सांगितलं. काल गुरुजी जेवले नाहीत, पोट धरून कुशीवर पडून राहिले. गॅस झालाय म्हणाले. तिने ओवा दिला.

आज मानपत्र तिने पुसून मागीलदारी वाळत ठेवलं होतं. ते आणायचं तर दार उघडावं लागणार. म्हणून तिने कपाटावरचा पेपर स्टुलावर पसरला आणि त्यावर पिशवी ठेवली. तसं सांगायला ती तोंड उघडणार, तोच गुरुजी चष्मा सावरून वाकले.

"ज्ञानदानाचे व्रत घेऊन आपण आमच्या वाडीत आलात. आपल्या शिस्तीने आमची मुले घडली..."

प्रेमला जागच्या जागी थांबली. पिशवीच्या कडेने बाहेर राहिलेल्या कागदावर हापूसच्या पेटीचा भाव होता, जयगडच्या बंदराची बातमी होती. तिला ती सगळी वाचता आली. पिशवीखालचं मात्र एक अक्षर दिसत नव्हतं.

"...हा गाव आपला ऋणी राहील. स्वच्छ आहे. ओतून टाक."

एवढं बोलून त्यांनी नेहमीसारखा कागदावरून हात फिरवला. बोटांना गुळगुळीत काही लागलं नाही. हात तिथेच थबकला, मग हळूच मागे गेला.

"कदीपासून दिसत नाय?" तिने विचारलं.

गुरुजींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"शिमग्यापासून," ते म्हणाले. "मशीनवर नको गो."

"आणि मोतीबिंदू माझा."

असा राग तिला उभ्या संसारात आला नव्हता. दोन दिवस हा माणूस आतून सडत होता, आणि ती ओवा चोळत बसली होती. पिशवी तिने ओतली नाही. बाजूला ठेवली, हातखंब्याच्या रिक्षावाल्याला बोलावलं आणि दवाखान्यात फोन लावला.

"आजी, खालची अक्षरं वाचता येतायत का?" सिस्टरने विचारलं.

"ते घडाघडा म्हणून दाखवतात. मला नाय."

"अहो, मग काळजी कशाला करता? गुरुजी वाचतायत ना?" सिस्टरचा आवाज मऊ झाला. "तुम्हाला वाचता येतं का आजी?"

प्रेमलाने खाटेकडे पाहिलं. गुरुजी भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"येतं," ती म्हणाली. "ह्यांनीच शिकवलंय."