स्क्रूवरचं नेलपॉलिश

"खोटं बोलू नका साहेब! हा लॅपटॉप कपाटातून बाहेर कधी गेला, तेवढं सांगा." मावशींनी मागचं झाकण काढलेला लॅपटॉप संपादकांच्या टेबलावर आपटला.

संपादक चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे मीच गुन्हेगार? पेनड्राइव्हवरची सिस्टिम आहे, मशीन बंद केलं की सगळं विसरते, कुणाच्या बापाला कळायचं नाही, हे कोण म्हणालं होतं? आता सिस्टरांची नोकरी गेली ती कुणामुळे?"

सगळं खापर आपल्याच डोक्यावर! मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या छोट्याशा वर्तमानपत्राची मशीनं त्यांनी वीस वर्षं तळहाताच्या फोडासारखी जपली होती. आणि संताप याचाच, की संपादकांचं अर्धं खरं होतं.

गेल्या आठवड्यात सिस्टर याच लॅपटॉपवर बसल्या होत्या. आपल्या हॉस्पिटलात एकदाच वापरायच्या नळ्या धुऊन पुन्हा दुसऱ्या पेशंटला लावतात, हे त्या लिहून काढत होत्या. बोटं थरथरत होती. "कळणार नाही ना कुणाला?" त्यांनी दोनदा विचारलं. मावशी म्हणाल्या, "बिनधास्त लिहा." बातमी छापून यायच्या आधीच हॉस्पिटलच्या संचालकांनी तोच मजकूर सिस्टरांपुढे धरला, त्यांनी खोडलेल्या ओळींसकट.

"सिस्टिम चोखच आहे," मावशी म्हणाल्या. "पण ती उठते कधी? ही नखाएवढी चिप दिसतेय? मशीन चालू केलं की आधी ही जागी होते, मग सिस्टिमला उठवते. हिच्यातच कुणी घुसलं, तर टाइप केलेलं सगळं त्याला पोचतं; वर रोज नवी सिस्टिम टाका, काय उपयोग? वरच्या मजल्याला सात कुलपं, आणि चोर तळघरात बसलाय! सकाळी चिपमधलं सगळं काढून माझ्याकडच्या जुन्या प्रतीशी ताडून पाहिलं. जुळत नाही. आणि हे स्क्रू बघा."

प्रत्येक स्क्रूवर मावशी चमकीचं नेलपॉलिश लावून फोटो काढून ठेवायच्या. चमकीचे कण पुन्हा जसेच्या तसे पडत नाहीत. दोन स्क्रूंवर रंग तोच होता, कण वेगळे होते; म्हणजे कुणीतरी ते उघडून पुन्हा रंगवले होते. सिस्टर आल्या त्या दिवशी मावशींनी नुसता रंग पाहिला होता. जुन्या फोटोशी ताडून बघायचा कंटाळा केला होता, चहा निवत होता म्हणून.

संपादकांनी चष्मा चढवून स्क्रू निरखले. "सिस्टर यायच्या आधी संचालकांची मुलाखत घ्यायला गेलो होतो," ते हळूच म्हणाले. "लॅपटॉप आत नेऊ देईनात. काउंटरवर ठेवला. दीडएक तास."

"त्याच हॉस्पिटलात?"

"पावती दिली होती त्यांनी."

"पावती घाला चुलीत!" मावशी ओरडल्या. "मला सांगायला तोंड नव्हतं? दुसऱ्या मशीनवर बसवलं असतं ना मी त्यांना!"

दारात सिस्टर उभ्या होत्या. हातातल्या पिशवीत इस्त्री केलेला युनिफॉर्म होता, परत करायला निघालेला. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मावशी त्यांच्याकडे वळल्या. "सिस्टर, बिनधास्त लिहा असं मीच म्हटलं होतं. फोटो ताडून पाहिला असता तर तुम्ही वाचला असता. चूक माझीही आहे."

"आम्ही छापणारच आहोत," संपादक घाईघाईने म्हणाले. "तुमचं नाव कुठेही येणार नाही."

"घाला नाव," सिस्टर म्हणाल्या. "पूर्ण घाला. आता कुणापासून लपवायचंय?"

त्या खुर्चीवर बसल्या. टेबलावरची नेलपॉलिशची बाटली उचलून त्यांनी उजेडात धरली.

"ड्यूटीवर हे चालत नाही," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षांत एकदाही लावलं नाही."

उघड्या लॅपटॉपशेजारी त्यांनी डावा हात पसरला, आणि करंगळीपासून एकेक नख सावकाश रंगवायला घेतलं. हात जराही थरथरला नाही.