एका गाईपुरतं

ओंकारने पडद्यावरच्या 'फोटो' या पर्यायासमोरची खूण काढली आणि गाईंची यादी दोन सेकंदांत उघडली.

"झालं! वीस मिनिटं लागत होती ना? बघा आता."

जनावरांच्या नोंदींचा हा प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. शेवगावजवळच्या या पशुसेवा केंद्रात प्रोग्राम का रेंगाळतो, हे बघायला पुण्याहून चार तास गाडी हाकत यावं लागलं, याचा राग स्वारी सकाळपासून केंद्राची ऑपरेटर पंकजा हिच्यावर काढत होती.

"माहिती मागच्या मागे येत राहते, स्क्रीन अडकत नाही, असा बनवलाय मी. पण तुम्ही प्रत्येक गाईचं थोबाड त्यात भरलंत. गाईंची लग्नं जमवायचीत का?"

पंकजाने यादीतल्या फोटोंच्या कोऱ्या जागांकडे पाहिलं. गाईच्या कानातला बिल्ला कुंपणाला अडकून तुटतो, मग ती चेहऱ्यावरूनच ओळखावी लागते. एवढ्या शहाण्या माणसाला हे कोण सांगणार? त्याने विचारलंही नव्हतं.

त्याने भेटीचा फॉर्म भरला. 'कारण' या रकान्यात ऐटीत लिहिलं: ऑपरेटरचे अज्ञान.

"सही करा."

पंकजाने पेन उचललं, तोच दगडाबाई धापा टाकत आत आली. तिचा शेजारी वाल्मिक बायकोपोरांसह ऊसतोडीला गेल्यापासून त्याच्या चारही गाई तिच्या दावणीला होत्या.

"पंके, वाल्मिकची गाय तापलीय. डाक्टर सुई भरून उभा हाय. चारीतली एक गेल्या साली ह्याच सुईनं मरता मरता वाचली म्हनं. ती हीच का, बघ बाई. बिल्ला तुटलाय, वाल्मिकचा फोन लागंना."

पंकजाने नोंद काढली. सोळा नंबरला ती सुई चालत नव्हती. पण सोळा नंबर कोणती? चारीही काळ्या-पांढऱ्या, आणि फोटोची जागा कोरी.

"फोटो आणा परत," ती म्हणाली.

ओंकारने खूण केली. पडद्यावर चकती फिरू लागली. एक मिनिट गेलं. दोन गेली.

"काय करतोय ह्यो?"

"आधी तीन हजार गाईंचे फोटो येतात, मावशी. मग तुमची गाय दिसेल."

"आरं मुडद्या, एका गाईसाठी सगळ्या तालुक्याच्या गाई कशाला हाकून आनतो? तिलाच बोलीव की!"

ओंकार हसायला गेला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. त्याने लॅपटॉप उघडला आणि आपणच लिहिलेल्या तीन-चार ओळी खाली मान घालून बदलल्या. आता ज्या गाईवर बोट ठेवाल, तिचाच फोटो येणार होता.

सोळा नंबर. चेहरा लगेच आला. कपाळावर वाकडा पांढरा टिळा.

"हीच गं बाई!" दगडाबाईने पडद्यावरच्या टिळ्यावर बोट टेकवलं.

पंकजाने फोन लावला. "डॉक्टर, ती सुई देऊ नका. हीच ती गाय."

दगडाबाई पाणीही न पिता दावणीकडे पळाली. पंकजाने फॉर्म ओंकारपुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं.

"साहेब, कारण तेवढं नीट लिहा. मग सही करते."

ओंकारने पेन उचललं. मग 'ऑपरेटरचे' एवढाच शब्द खोडला. 'अज्ञान' तसंच ठेवलं.