माझ्या पोटातला कागद

मी एक खुर्ची आहे. उंच पाठीची, हिरव्या कापडाची. सध्या जुन्या सामानाच्या गोदामात तिसऱ्या रांगेत उभी आहे. दुसरी रांग काल संपली.

इथला माणूस आधी खिळे उपटतो. लाकूड एका बाजूला टाकतो, आणि कापड, काथ्या मागच्या अंगणात पेटवून देतो. तो धूर खिडकीतून आमच्यापर्यंत येतो. जळायची भीती कुणाला नसते? पण मला त्याहून जास्त काळजी पोटातल्या कागदाची आहे.

मला घडवणारा कारागीर सोफे आणि खुर्च्या शिवायचा. मी मात्र त्याची स्वतःची. पंचवीस वर्षं माझ्यावर बसून त्याने लोकांच्या खुर्च्यांना स्प्रिंगा बांधल्या. नवरा गेल्यावर त्याची लेक परत आली आणि शेजारी स्टूल घेऊन बसू लागली. तिची वाकडी सुई अशी चालायची की म्हातारा खूश होऊन म्हणायचा, "अगं, तू मला घरी बसवणार!"

"बसा की बाबा. खुर्ची तुमचीच आहे."

धाकटा मुलगा दूरच्या शहरात होता. वाईट नव्हता, पण सदा घाईत.

एकदा म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली, तेव्हा त्याने मृत्युपत्र लिहिलं. दुकान आणि वरची खोली लेकीला, बाकीचं मुलाला. साक्षीदार म्हणून डॉक्टरांनी आणि शेजारच्या घड्याळजींनी सह्या केल्या. आत काय आहे ते दोघांनीही वाचलं नाही.

"बँकेत ठेव बाबा," घड्याळजी म्हणाले.

"बँकेपेक्षा माझा टाका पक्का आहे."

ते गेल्यावर त्याने माझी बैठक उसवली, कागद काथ्याखाली सारला आणि पुन्हा शिवून टाकलं. असं शिवलं की मलासुद्धा शिवण सापडेना. लेकीला एवढंच म्हणाला, "तुझं सगळं नीट करून ठेवलंय. वेळ आली की सांगेन."

ती वेळ एका दुपारी आली. तो कामाच्या टेबलापाशी कोसळला. तोंडातून शब्द फुटेना. त्याने हात उचलून माझ्याकडे बोट दाखवलं. एकदा नाही, तीनदा.

"नको बाबा, खुर्चीत नको. इथेच पडून राहा," लेक रडत म्हणाली. हात खाली आला.

मग शोधाशोध झाली. कपाट, पेटी, फोटोंच्या मागची जागा, सगळं पालथं घातलं. घड्याळजींनी छातीठोकपणे सांगितलं की कागद आहे. वकील म्हणाले, "मग दाखवा."

"ताई, कागद असता तर मीच तुला किल्ली दिली असती," भाऊ म्हणाला. "नाहीये ना? मग विकून वाटण्या करू. बाबांची आठवण म्हणून हवं ते घेऊन जा."

ती माझ्यावर येऊन बसली. पोटात कागद कुरकुरला. मी जीव एकवटून कुरकुरले.

ती थबकली. बैठकीवरून हात फिरवला. कारागिराचीच लेक ती! "काथ्या वाळलाय," ती पुटपुटली. "पण भाड्याच्या खोलीत तुला ठेवू कुठे?" तिने वाकडी सुई उचलली, डोळे पुसले आणि ती गेली.

तुम्हीही असा कागद केला असेल, तर तो कुठे ठेवलाय ते आजच कुणाला तरी सांगा. बोट दाखवायची वेळ येऊ देऊ नका. दाखवलेल्या बोटाचा अर्थ माणसं आपापल्या मायेने लावतात.

हे सांगता सांगता सकाळ झाली आणि गोदामातला माणूस चहाचा पेला घेऊन माझ्यावर बसला. मी कुरकुरले. तो उठला, पुन्हा बसला.

"फारच कुरकुरते ही," तो म्हणाला, आणि त्याने मला रांगेतून ओढून अंगणाच्या दाराशी नेऊन ठेवलं.