कोपऱ्यातल्या बाईचे नाव

मी एक जुनी पायरी आहे. सेंट जॉन नदीच्या काठी, व्हिटकॉम्ब मंडळींच्या स्वयंपाकघराच्या मागल्या दाराशी मी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पडून होते. आता ते दार नाही, घरही नाही. माझ्यावर पाणी आहे. तरी मी स्वतःला पायरीच म्हणते, कारण सगळ्यांनी मला शेवटपर्यंत तेच म्हटले.

पण मित्रांनो, मी पायरी म्हणून घडले नव्हते. मला घडवले ते एका बाईच्या उशाशी उभे राहण्यासाठी.

नदीच्या वरच्या अंगाला एक कडा होता. १८०९ साली तिथून मला काढले. माझा पाथरवट म्हातारा होता. दगडाच्या धुळीने त्याला सारख्या शिंका येत, आणि प्रत्येक शिंकेआधी तो छिन्नी बाजूला ठेवी, अक्षर बिघडू नये म्हणून. माझ्या माथ्यावर त्याने झुकलेले झाड कोरले. मग मजकूर सांगायला कॅप्टन नेथन केचम टोपी हातात घेऊन उभे राहिले. अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्रज राजाविरुद्ध बंड केले आणि ते बंड जिंकले, तेव्हा राजाची बाजू सोडली नाही म्हणून घरदार गमावून जी माणसे जहाजांत बसून इथे, राजाच्या उरलेल्या मुलखात आली, त्या राजनिष्ठांपैकी ते एक. त्यांची मुलगी मेहिटेबल त्या जहाजात सहा वर्षांची होती. मोठी झाल्यावर तिने लग्न केले ते सीमेपलीकडच्या, म्हणजे बंडखोरांच्या मुलखातल्या माणसाशी. बाप तिच्याशी नऊ वर्षे बोलला नाही. मृत्युपत्रातून तिचे नाव काढले, ते पुन्हा घातले नाही. मग एका तापात ती गेली.

पाथरवटाने विचारले, "नवऱ्याचं गाव पण घालायचं का, कॅप्टन?"

कॅप्टननी हातातली टोपी उलटीपालटी केली. मग म्हणाले, "घाल. त्याचंही घाल. आता कुणाशी भांडू?"

म्हणून माझ्यावर असे कोरले गेले: 'येथे मेहिटेबल विसावली आहे. सन १७८३ मध्ये राजासाठी सर्वस्व सोडून या नदीवर आलेल्या कॅप्टन नेथन केचम यांची मुलगी, आणि मेकायस गावच्या एसा व्हिटकॉम्ब यांची पत्नी. वय वर्षे बत्तीस.' पुढे देवळाला आग लागली आणि लग्नांची वही जळाली. आपली मुलगी म्हणून कॅप्टननी तिला लिहिले ते जगात एकाच ठिकाणी राहिले, माझ्या अंगावर.

गावच्या दफनभूमीत, रांगेच्या कोपऱ्यात मी तीस वर्षे उभी होते. लोक माझ्यापाशी थांबत, झाडाच्या नक्षीवरून बोट फिरवीत. 'काय सुरेख हात आहे,' म्हणत. मेंढ्या अंग घाशीत, तेही मला आवडे. ते माझे चांगले दिवस.

मग १८३९ साली सीमेवरच्या जंगलावरून अमेरिकेशी तंटा पेटला. गावोगावी पलटणी उभ्या राहिल्या. मेहिटेबलचा मुलगा जोथम अडतीस वर्षांचा होता. त्याला पलटणीचा कॅप्टन व्हायचे होते, आजोबांसारखे. पण कवायतीला माणसे त्याच्या पाठीमागे म्हणत, "यँकीचं पोर आपल्याला हुकूम देणार! आईच्या दगडावर बापाचं गाव लिहिलंय, जाऊन वाचा."

बर्फ वितळल्यावर एका पहाटे जोथम बैलांची जोडी घेऊन दफनभूमीत आला. त्याने मला उपटले, घरी आणले. माझी पाठ ओबडधोबड होती, ती त्याने छिन्नीने सपाट केली. मागल्या दाराशी खड्डा खणला. मला पालथे घालण्याआधी त्याने माझ्या अक्षरांवर बर्चच्या झाडाची साल अंथरली, खडे लागू नयेत म्हणून. आणि वाकून म्हणाला, "आई, थोडेच दिवस. हा तंटा मिटला की परत नेऊन उभी करतो."

तंटा तीन वर्षांत मिटला. जोथम कॅप्टनही झाला. पण कॅप्टन झालेल्या माणसाने मेकायसचे नाव पुन्हा उन्हात कसे आणून उभे करावे? तो सांगू लागला की व्हिटकॉम्ब घराणेच १७८३ च्या जहाजातून आले. मुलांना ते खरे वाटले, नातवंडांना तर वाटलेच. त्याचा पाय मात्र माझ्यावर कधी पडला नाही. बायको, मुले, गडी सगळे माझ्यावरून ये-जा करीत. जोथम तेवढा लांब ढांग टाकून मला ओलांडी. म्हातारपणी गुडघे धरले तरी चौकटीला धरून ओलांडी. मुलांना वाटले, ही काहीतरी रीतच असावी. पुढे त्या घरात लग्नाला, लढाईला, परगावी कामाला निघालेला प्रत्येक जण मला ओलांडून जाऊ लागला. का, ते कुणालाच माहीत नव्हते. सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो मरताना "पायरी... पायरी..." एवढेच बोलला. सुनेला वाटले, पायरीवर बर्फ साचलाय. तिने झाडू घेऊन बर्फ झाडला.

मित्रांनो, पालथ्या दगडाला माती दिसते आणि पावले ऐकू येतात. मी माणसे पावलांनी ओळखायला शिकले. माझ्यावर बसून बायकांनी शेंगा सोलल्या, लोणी काढले, शनिवारी काकवी घातलेल्या घेवड्याचे मडके निवायला ठेवले. नदीकाठचे नेच्याचे कोवळे कोंब भाजीसाठी माझ्यावर ओतून निवडले. "गावात अशी पायरी नाही," असे पाहुणे म्हणत. ही स्तुती ऐकून मला आनंद होत नसे.

या घरातली शेवटची दोन पावले म्हणजे लिओटा आणि तिचा धाकटा भाऊ हार्ली. दोघेही सडेफटिंग राहिले आणि तिथेच म्हातारे झाले. लिओटाला घराण्याचा भारी अभिमान. दर वसंतात ती दफनभूमीत जाई आणि कोपऱ्यातल्या एका खोलगट जागेवर रानफुले ठेवी. तिथे दगड नव्हता. तिथे पुरलेल्या बाईला घरात 'कोपऱ्यातली बाई' म्हणत. ती आपली कुणीतरी आहे एवढेच पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. लिओटाच्या आईने मरताना तिच्याकडून वचन घेतले होते, "कोपऱ्यातल्या बाईला एकटी टाकू नका."

आणि १९६६ साली धरण आले.

नदी अडवली जाणार होती. काठावरची शेते, घरे, दफनभूमी, सगळे पाण्याखाली जाणार होते. ज्या थडग्यावर दगड असेल, किंवा ज्याच्या नात्याचा कागद कुणी दाखवील, ते उकरून टेकडीवर नेणार. बाकीच्यांवर दगडगोटे टाकून ती तशीच सोडणार. मुदत ऑक्टोबरअखेरपर्यंत. वीज कंपनीचा कारकून माझ्यावर उभा राहून हे सांगून गेला. त्याच्या बुटांना नवे तळ होते.

"अहो, तिथं आमचं माणूस आहे," लिओटा म्हणाली.

"नाव काय त्यांचं?"

"ते माहीत नाही."

"मग तुमचं माणूस कशावरून?"

"आम्ही फुलं ठेवतो तिथं. माझी आजी ठेवायची, तिची सासू ठेवायची."

"बाई, फुलांवर शिक्का नसतो," कारकून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. जाताना तो माझ्यावरून हळू पाऊल टाकत उतरला.

त्या उन्हाळ्यात लिओटाने घराण्याचा माग काढायला घेतला. सत्तरी उलटलेली बाई, पण रोज कुठे ना कुठे जाई. देवळाच्या वह्या, जमिनींचे जुने दस्तऐवज, शेजाऱ्यांच्या घरची, जन्ममृत्यू लिहून ठेवलेली बायबले. कामाला निघताना मला ओलांडून जाई आणि संध्याकाळी परत आली की माझ्यावरच बसून बूट काढी. पावले दिवसेंदिवस जड होत चालली होती.

तिची मैत्रीण ग्वेन एस्टाब्रुक्स राजनिष्ठांच्या वंशजांच्या मंडळाची चिटणीस होती. ऑगस्टमध्ये ती जहाजांच्या याद्यांची नक्कल घेऊन आली. दोघी माझ्यावर बसल्या. हार्ली शेजारी कुऱ्हाडीला धार लावत होता.

"मी तीनदा पाहिलं गं," ग्वेन म्हणाली. "केचम आहेत, आम्ही एस्टाब्रुक्स तर आहोतच. व्हिटकॉम्ब एक नाही. पोहत आले होते की काय तुमचे?"

"उंदरांबरोबर आले," हार्ली म्हणाला. "त्यांची यादी ठेवत नाहीत."

"तू गप्प बस रे," लिओटा म्हणाली. "ग्वेन, पुन्हा एकदा वाच. पहिल्यापासून."

ग्वेनने वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता ती म्हणाली, "केचम, नेथन. पुरुष एक, बाई एक, दहा वर्षांखालची मुलं तीन."

मित्रांनो, त्या तिघांतली एक माझ्या अंगावर होती. दोघींच्या खाली, एका हाताच्या अंतरावर.

"मुलांची नावं नाहीत?" लिओटाने विचारले.

"मुलांची नाहीत, बायकांचीही नाहीत. नुसते आकडे. का गं?"

 मला वाटले, आता लिओटाला सुचेल. की कदाचित आपण बापाच्या नावाने येऊन पोचलोच नसू, एखाद्या आईच्या पदराला धरून पोचलो असू. पण ती म्हणाली, "जाऊ दे. केचमांशी आपल्याला काय करायचंय. शेवटची पानं काढ, व्हिटकॉम्ब तिथंच असायला हवेत."

शेवटच्या पानांवर ते नव्हतेच. उठता उठता ग्वेन म्हणाली, "लिओटा, मी काय म्हणते, ती बाई तुमची नसेलही. कुणाची तरी मोलकरीण असेल."

 त्या संध्याकाळी हार्ली आत गेल्यावर लिओटा एकटी माझ्यावर बसून राहिली.  मी दगड आहे, मला ओरडता येत नाही. दर हिवाळ्यात माती गोठून फुगते तेव्हा माझा एक कोपरा वर येतो, एवढेच काय ते मला करता येते. सव्वाशे हिवाळे मी तो वर उचलला. दर वसंतात कुणी ना कुणी पहार घेऊन तो पुन्हा ठोकून बसवला.

ऑक्टोबर संपला. हलवायच्या थडग्यांची यादी बंद झाली. टेकडीवर मेलेल्यांच्या पेट्या नेणाऱ्या गाड्या चार दिवस रस्त्याने गेल्या. पाचव्या दिवशी दगडगोट्यांची एक गाडी आली आणि दफनभूमीच्या कोपऱ्यात रिकामी झाली. तो आवाज मी ऐकला. लिओटानेही ऐकला असेल. ती स्वयंपाकघरात बकव्हीट धान्याच्या पिठाची धिरडी करत होती, आणि जळका वास येऊ लागला तरी तिने तव्यावरचे धिरडे उलटले नाही.

पुढल्या वर्षी त्यांनी घर सोडले. सामान गाडीत भरून झाल्यावर हार्ली पहार घेऊन माझ्यापाशी आला.

"ही नेऊ या का गं वर? चांगला दगड आहे. आपण दोघं लहानाचे मोठे झालो हिच्यावर."

त्याने पहार घातली. इतक्या वर्षांत मी हलले नव्हते, मित्रांनो, तेवढी त्या वेळी हलले. एक बोटभर, मग एक वीतभर. माझ्या आणि मातीच्या फटीतून उजेड आत आला. जोथमची बर्चची साल अजून होती. तिचा एक तुकडा सुटून हार्लीच्या बुटावर पडला.

"हे बघ," तो म्हणाला. "खाली साल घातलीय कुणीतरी. कशाला बरं?"

"ओल येऊ नये म्हणून असेल."

"दगडाला कसली आलीय ओल?"

"हार्ली, सोड ते. कंपनीने वर दिलेल्या घराला सिमेंटची पायरी आहे. तुझी पाठ आधीच गेलीय, आता मला आणखी काही ओढून न्यायचं नाही इथून. ज्या एकीला न्यायचं होतं तिला नेता आलं नाही." आत वळता वळता ती म्हणाली, "पायरी घेऊन काय करू?"

हार्लीने पहार काढून घेतली. मी पुन्हा मातीत बसले. उजेड गेला.

मग लिओटा दारात आली. चौकटीला धरून, लांब ढांग टाकून तिने मला ओलांडले, तिच्या घरातली माणसे महत्त्वाच्या कामाला जाताना ओलांडतात तसे. तिच्या पणजोबांनी ज्या शरमेने मला ओलांडले तीच ती ढांग होती, आणि तिला वाटत होते, हा घराण्याचा मान आहे.

लिओटाचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही. घर जाळून टाकले, कारण पाण्यात तरंगणारी लाकडे नकोत. राख माझ्यावर पडली. मग वसंतात पाणी आले. आधी गवतातून हळूहळू, मग खळ्यावरून, मग माझ्यावरून. आता मातीवर मी, माझ्यावर गाळ, गाळावर पाणी. इथून चारशे पावलांवर दगडगोट्यांच्या ढिगाखाली मेहिटेबल आहे. दोघी एकाच पाण्यात आहोत. तिच्याकडे नाव नाही, आणि तिचे नाव माझ्याकडे आहे.

मला कुणी वर काढील अशी आशा मी ठेवत नाही. तुम्हाला मात्र एक मागणे आहे, मित्रांनो. तुमच्या घरात कुणी म्हातारे माणूस असेल तर त्याच्या आईचे नाव विचारा, आणि तिच्या आईचे. आजच विचारा, उद्या ते माणूस "पायरी... पायरी..." म्हणेल आणि तुम्ही झाडू शोधाल. घरात एखादी रीत पाळत असाल आणि का पाळतो ते ठाऊक नसेल, तर एकदा थांबा. वाका. जे पालथे आहे ते उलथून बघा.

हार्लीने मला वीतभर उचलले होते. आणखी एक वीत उचलले असते, तर लिओटाने मेहिटेबलचे नाव वाचले असते.