पालकाचं पाणी

ट्रेमध्ये पाणी चढलं की प्रमिलाबाईंचा नवरा घरात असायचा आणि पाणी उतरलं की नसायचा. दिगंबरराव वारल्याला वर्ष उलटून गेलं होतं, त्यामुळे मिळतंय तेवढ्यावर बाईंची तक्रार नव्हती. निदान सुरुवातीला तरी.

बिनमातीचा पालक लावायचं खूळ बाईंनी आपणहून डोक्यात घेतलं होतं. खाली टाकी, वर टेबलावर ट्रे, ट्रेमध्ये भाजक्या मातीचे गोळे आणि गोळ्यांत रोपं. टायमर लागला की पंप पाणी वर चढवणार, पंप थांबला की ते ट्रेच्या तळाच्या भोकातून आपसूक खाली टाकीत जाणार. सगळा कारभार एवढाच. सामान देणाऱ्या पारखशेठनी फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "ताई, पाणी उतरू द्यायचं बरं का. मुळांना श्वास लागतो." ताई हो हो म्हणाल्या.

पहिल्यांदा पंप घुरघुरला, गोळे भिजले, तेव्हा दिगंबरराव खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले होते.

"चहा टाकतेस ना?"

"टाकते की."

बाई कप घेऊन आल्या तेव्हा पाणी निम्मं उतरलं होतं आणि नवरा कमरेपासून वर तेवढा उरला होता. त्यांनी दोन घोट घेतले, कप बाईंच्या हातात परत दिला, आणि मग खुर्ची रिकामी झाली.

असंच रोज. एवढ्याशा वेळात माणूस काय बोलणार आणि काय ऐकणार? भाजीला फोडणी द्यावी तर तेवढ्यात नवरा निम्मा झालेला. बाईंचा जीव तुटायचा.

आता बाई पडल्या मनमाडच्या. नळ येईल तेव्हा येणार, म्हणून हंडे, बादल्या, पातेली, झालंच तर पाहुण्यांचे तांबेसुद्धा भरून ठेवायचे, अशा घरात वाढलेल्या. भरलेलं पाणी डोळ्यांदेखत भोकातून जाऊ देणं त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. एका दुपारी पंप थांबला, तशी बाईंनी गोळे बाजूला सारले आणि भोकावर तळहात दाबून धरला.

पाणी थांबलं. दिगंबरराव अख्खे राहिले.

"आज घाई दिसत नाही तुझी," ते म्हणाले.

मग काय, बाईंनी वर्षभराचं साठलेलं सगळं सांगितलं. धाकट्या जावेचं बोलणं, गुडघ्याचं दुखणं, एकटीसाठी पोळ्या लाटायचा कंटाळा. दिगंबरराव हसत होते. बाईंना इतकं बरं वाटत होतं की खिडकीतलं ऊन जागचं हललेलं नाही, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता. पडदाही फुगला होता तसाच राहिला होता.

"खिडकी उघड जरा," दिगंबरराव म्हणाले.

"उघडीच आहे."

ते तोंडाने श्वास घेऊ लागले. ट्रेमधून कुजका वास येत होता. पालक माना टाकून पडला होता आणि त्याची मुळं तपकिरी झाली होती.

"प्रमिला, मला हवा पुरत नाहीये. हात काढ."

"काढला तर तुम्ही जाल."

"जाईन, परत येईन. रोज येतोच की."

"अर्धवट येता."

दिगंबररावांचे ओठ काळेनिळे पडत चालले होते. बाई रडल्या, चांगल्या पोटभर रडल्या. पण माणसाला गुदमरवून ठेवायचं म्हणजे त्याला ठेवणं नव्हे, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी मन घट्ट केलं आणि त्या हात उचलायला गेल्या.

हात निघाला नाही. तळहातातून बारीक मुळं फुटली होती आणि ती पालकाच्या मुळांत शिरून घट्ट गुंतली होती. बाईंनी ओढून पाहिलं, तर सगळा ट्रे हलला.

"थांब, ओढू नकोस," दिगंबरराव म्हणाले. ते भिंतीला धरत धरत उठले आणि शिलाई मशीनच्या खणातली कात्री घेऊन आले. टेबलाशी वाकून त्यांनी पाण्यात नीट निरखून पाहिलं.

"यातली तुझी कुठली गं?"

बाईंनाही सांगता येईना. त्यांनी अंदाजाने एक दाखवलं.

दिगंबररावांनी ते कापलं. बाईंना काहीच झालं नाही. दिगंबरराव "आई गं" म्हणाले आणि त्यांनी पुढचं मूळ कात्रीत धरलं.